ब्रेस्ट आयएचसी पॅनल, मराठवाड्यातून पाठवताना: लॅब चांगली, बरणी वाईट

स्तनातल्या गाठीची बायोप्सी झाली की पहिला कागद हातात पडतो, त्यावर 'इन्व्हेजिव डक्टल कार्सिनोमा, ग्रेड २' असं काहीतरी लिहिलेलं असतं. (डब्ल्यूएचओच्या सध्याच्या वर्गीकरणात 'डक्टल'ऐवजी 'नो स्पेशल टाइप' म्हणतात, दोन्ही एकच.) कर्करोग आहे एवढं त्यातून कळतं. औषध कोणतं लागेल, हे त्याच तुकड्यावर चार स्टेन केल्यावर ठरतं: ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर), हर-टू (पेशीच्या कडेवरचं, वाढ चालवणारं प्रथिन) आणि केआय-६७ (किती पेशी वाढीच्या मार्गावर आहेत त्याची खूण). दरपत्रकात याला 'ब्रेस्ट आयएचसी पॅनल' म्हणतात; आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, अँटिबॉडी वापरून ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणं. काही हजारांत होतं, आणि पुढचा लाखांचा खर्च व पाच-दहा वर्षांची गोळी त्यावर अवलंबून असते.

मराठवाड्यात ही सेवा बहुतेकांना मिळते ती कलेक्शन सेंटरमार्फत. संभाजीनगर, नांदेड, लातूरला मोठ्या लॅबची सेंटरं आहेत. बीड, परभणी, जालना, हिंगोली, धाराशिवला त्यांची फ्रँचायझी. संध्याकाळी कुरिअरची पेटी निघते, पुण्या-मुंबईत उतरते आणि रिपोर्ट मोबाईलवर येतो. खाली परीक्षण आहे ते या संपूर्ण साखळीचं. पॅनलला पाचपैकी साडेचार. लॅबमधल्या कामाला, लॅब बरी असेल तर, चार. तुकडा शरीरातून निघाल्यापासून लॅबच्या दारात पोचेपर्यंतच्या प्रवासाला दोन, आणि तेही हात सैल सोडून.

आधी या पॅनलमधून काय हाती लागतं ते पाहू. २००० साली पेरू आणि सहकाऱ्यांनी गाठींमधल्या जनुकांच्या हालचालीवरून स्तनाच्या कर्करोगाचे गट पाडले: ल्युमिनल, हर-टू एनरिच्ड, बेसल-लाइक वगैरे, ल्युमिनलचे ए आणि बी हे भाग त्यानंतर पडले. प्रत्येक रुग्णाची जनुकं वाचणं परवडत नाही, म्हणून चार स्टेनवरून त्या गटाचा अंदाज बांधतात. स्तनाच्या कर्करोगाच्या तज्ज्ञांच्या २०१३ च्या सेंट गॅलन बैठकीतली व्याख्या आजही रोजच्या वापरात आहे. ईआर पॉझिटिव्ह, पीआर २० टक्के किंवा जास्त, हर-टू निगेटिव्ह, केआय-६७ कमी: ल्युमिनल ए. ईआर पॉझिटिव्ह पण पीआर कमी किंवा केआय-६७ जास्त: ल्युमिनल बी. ईआर पॉझिटिव्ह आणि हर-टूही पॉझिटिव्ह, तोही ल्युमिनल बीच, हर-टू पॉझिटिव्ह जातीचा. ईआर-पीआर दोन्ही निगेटिव्ह आणि हर-टू पॉझिटिव्ह हा वेगळा गट. तिन्ही निगेटिव्ह म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह.

उपचार याच रेषांवर फुटतात. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेन २० मिलीग्रॅम किंवा लेट्रोझोल २.५ मिलीग्रॅम, निदान पाच वर्षं. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब (हर-टूवर नेम धरणारं औषध), एकूण एक वर्ष. भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधाला समतुल्य पर्याय) आल्यापासून ते पूर्वीइतकं आवाक्याबाहेर राहिलेलं नाही. ट्रिपल निगेटिव्हला हार्मोनच्या गोळीचा उपयोग नाही; तिथे केमो, जमल्यास इम्युनोथेरपी, आणि बीआरसीए या आनुवंशिक जनुकांची चाचणी विचारायलाच हवी. आता ईआर चुकून निगेटिव्ह आलं तर काय होतं बघा: स्वस्त, रोज एक घ्यायची, जीव वाचवणारी गोळी त्या बाईला मिळतच नाही. आणि ही चूक लॅबमध्ये कमी, बरणीत जास्त होते.

बरणीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात कमी लक्ष तिच्याकडेच जातं.

ऊतक शरीरातून निघालं की कुजायला लागतं. निघाल्यापासून फॉर्मेलिनमध्ये पडेपर्यंतचा वेळ एक तासाच्या आत असावा, आणि फॉर्मेलिनमध्ये किमान ६ व जास्तीत जास्त ७२ तास, असं अमेरिकेतल्या एएससीओ आणि सीएपी या संस्थांचं मार्गदर्शन सांगतं. आपल्याकडच्या लॅबही तेच मानतात. हे दोन आकडे पाळले गेले नाहीत तर पुढचं यंत्र कितीही महागाचं असो, ईआर-पीआर फिके येतात किंवा येतच नाहीत.

आता तालुक्याच्या ठिकाणी काय घडतं. शस्त्रक्रिया संपते. स्तन सलाईनमध्ये भिजवलेल्या मॉपमध्ये गुंडाळून स्टीलच्या ट्रेमध्ये राहतो. नातेवाइकांना दाखवायचा असतो. मग फॉर्मेलिन शोधायचं. कपाटात अर्धी भरलेली बाटली सापडते, ती तशीच ओतली जाते. ते शुद्ध, बाजारी फॉर्मेलिन: ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड. त्यानं वरचा थर कडक होतो आणि आत काही शिरत नाही. दुसरा प्रकार म्हणजे त्यात नळाचं किंवा बोअरचं पाणी अंदाजानं घालणं. बफर (आम्लता रोखणारे क्षार) नसलेलं फॉर्मेलिन आम्लधर्मी होत जातं, ऊतकावर काळपट तपकिरी कण बसतात आणि मराठवाड्यातल्या बोअरच्या क्षारांनी त्यात भर पडते. तिसरा, सर्वात वाईट: फॉर्मेलिन नाही म्हणून सलाईन, नाहीतर स्पिरिट.

बरोबर द्रावण करायला काही अवघड नाही. एक लिटरसाठी बाजारी फॉर्मेलिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. ढवळून पूर्ण विरघळवायचं, कॅनवर तयार केल्याची तारीख टाकायची. यालाच दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन म्हणतात. ज्यांना वजनकाट्याची कटकट नको त्यांना तयार कॅनही मिळतो. ऑपरेशन थिएटरमध्ये एक कॅन कायम असावा. जुन्या बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती बाटली वापरू नका.

पुढचा प्रश्न प्रमाणाचा. ऊतकाच्या दहापट फॉर्मेलिन हवं. सुईच्या बायोप्सीला ३० मिलीची डबी भरून पुरते. पण अख्खा स्तन ८०० ग्रॅमचा असेल तर आठ लिटर लागेल, आणि तेवढं कुणी ओतत नाही. शिवाय फॉर्मेलिन तासाला साधारण एक मिलीमीटर याच गतीनं आत जातं. चरबीतून आणखी हळू. तीन-चार सेंटीमीटर खोल गाठीपर्यंत पोचेपर्यंत मे महिन्यातल्या ४२ अंशांत ती आतून सडलेली असते. बरणी उघडल्यावर बाहेरून राखाडी-घट्ट आणि मधोमध लालसर, पेंड झालेला गर दिसला की ग्रॉसिंग (तुकडा कापून तपासणीचे भाग निवडणं) करणाऱ्याला कळतं, या गाठीचं ईआर विश्वासाचं राहिलेलं नाही.

यावर उपाय एकच: कापणं. स्तन मागच्या, म्हणजे छातीच्या बाजूनं पाच ते दहा मिलीमीटरच्या अंतरानं कापायचा, पुढची त्वचा न तोडता, म्हणजे सगळे काप एकमेकांना जोडलेले राहतात. कापण्याआधी मागच्या बाजूला शाई लावायची, नाहीतर मार्जिन (कापलेल्या कडेपर्यंत कर्करोग आहे का) कळणार नाही. कापांच्या मध्ये गॉझ किंवा टिश्यू पेपर घालायचा, म्हणजे फॉर्मेलिन फटीत उतरतं. 'कापलं तर मार्जिन बिघडेल' ही सर्जनची भीती रास्त आहे, विशेषतः लम्पेक्टॉमीत, म्हणजे स्तन राखून फक्त गाठ काढताना. तिथे सर्जननं स्वतः चाकू चालवू नये. शॉर्ट-सुपीरियर, लाँग-लॅटरल (वर आखूड, बाहेरच्या बाजूला लांब) असे टाके घालून गावातल्या पॅथॉलॉजिस्टला बोलवावं, शाई आणि काप त्यांच्याकडून करून घ्यावेत. अर्ध्या तासाचं काम आहे.

वेळेचं गणित सुट्ट्यांनी बिघडतं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला ऑपरेशन झालं, बरणी शनिवारच्या कुरिअरनं निघाली, रविवारी लॅब बंद, सोमवारी दहाला ग्रॉसिंग: ६४ तास. कापलेली असेल तर चाललं. मध्ये सोमवारी पोळ्याची सुट्टी आली की ८८. दिवाळीच्या आठवड्यात तर विचारूच नका. उलट्या टोकाला 'आज बायोप्सी, उद्या रिपोर्ट' अशी जाहिरात करणारे आहेत. सुईचा तुकडा बारीक असतो, तो दोन तासांत फिक्स (फॉर्मेलिननं पक्का) होतो असा समज आहे. होत नाही. त्यालाही सहा तास लागतात, कारण फॉर्मेलिनची रासायनिक बांधणी व्हायला वेळ लागतो. अर्धवट राहिलं की प्रोसेसरमधलं (तुकडा मेणासाठी तयार करणाऱ्या यंत्रातलं) अल्कोहोल उरलेलं काम उरकतं आणि ईआर फिकं पडतं. घाईच्या रिपोर्टला पैसे जास्त मोजू नयेत.

एवढं सगळं पाहिल्यावर आमचा साधा सल्ला असा आहे: बरणी पाठवू नका, ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, पाठवा.

मराठवाड्यातल्या प्रत्येक मोठ्या गावात हिस्टोपॅथॉलॉजी करणारे आहेत. संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत पॅथॉलॉजी विभाग आहेत, खाजगीतही आहेत. त्यांच्याकडे तुकडा तासाभरात पोचतो, वेळेत कापला जातो, वेळेत मेणात बसतो. मेणाचा ठोकळा झाला की तुकड्यावर काळाचा तगादा राहत नाही. तो निवांत पुण्याला जाऊ दे. तिकडे मोठ्या लॅबचं जे खरं बळ आहे, म्हणजे स्वयंचलित स्टेनिंगचं यंत्र, चांगल्या अँटिबॉडी, रोज अनेक ब्रेस्ट केसेस वाचणारे डोळे, त्याचा उपयोग तेव्हाच होतो. एकच विचारून घ्यायचं: स्थानिक लॅबच्या टिश्यू प्रोसेसरला इन्व्हर्टर आहे का. रात्री लाईट गेली आणि टोपलं मधल्याच बाथमध्ये अडकलं तर तुकडा तळल्यासारखा कडक होतो.

ब्लॉक निवडताना गाठीबरोबर थोड्या निरोगी दुधाच्या नळ्या असलेला ब्लॉक द्या. कारण पुढे येईल. सोबत एचअँडई (नेहमीच्या रंगाची) स्लाइड आणि पहिल्या रिपोर्टची झेरॉक्स. काही जण ब्लॉकऐवजी कोऱ्या स्लाइड पाठवतात; ते जमेल, पण सेक्शन (ब्लॉकचे पातळ काप) ३-४ मायक्रॉनचे आणि चार्ज्ड स्लाइडवरच हवेत. साध्या, अंड्याच्या पांढऱ्या भागाच्या लेपाच्या स्लाइडवर घेतलेले सेक्शन अँटिजन रिट्रीव्हलच्या (स्टेनआधी झाकली गेलेली प्रथिनं उघडी करण्याच्या) उकळत्या बफरमध्ये सुटून तरंगायला लागतात. कापून ठेवलेल्या स्लाइडची ताकद उतरत जाते, सहा आठवड्यांच्या पलीकडच्या वापरू नयेत. आणि ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून संभाजीनगरहून पुण्याला नेऊ नका. हिस्टोपॅथॉलॉजीचं मेण ५६ ते ६० अंशांत वितळतं. उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेमागे तेवढं सहज होतं.

आता कलेक्शन सेंटरचं काउंटर. इथे गुण कापले ते फॉर्मवरून. चांगल्या लॅबच्या फॉर्मवर दोन रकाने असतात: तुकडा काढल्याची वेळ आणि फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ. काउंटरवरचा मुलगा विचारतो, "मामा, पेशंटचं वय सांगा, मोबाईल सांगा," आणि ते दोन रकाने कोरे जातात. मग छापील रिपोर्टमध्ये 'फिक्सेशन: नॉट प्रोव्हायडेड' असं एक ओळीत येतं आणि जबाबदारी लॅबच्या अंगावरून निघून जाते. दोन्ही वेळा थिएटरमधल्या सिस्टरकडूनच डबीच्या चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात. चिठ्ठी डबीच्या अंगावर, झाकणावर नाही; झाकणं अदलाबदल होतात. डाव्या-उजव्या बाजूचा उल्लेख, गाठीचं ठिकाण, केमो आधी झाली का, हेही त्याच चिठ्ठीवर. डबी रुंद तोंडाची, आट्यांच्या झाकणाची, झाकणाभोवती टेप, त्यावर दोन झिपच्या पिशव्या. फॉर्मेलिन सांडलेली पेटी कुरिअरवाला परत पाठवतो तेव्हा वेळ तुमचाच जातो.

लॅबमध्ये शिरल्यावर पॅनलचा दर्जा खरोखर चांगला आहे, तिथे तक्रार थोडी. पण रिपोर्ट कसा दिसावा हे माहीत असलं पाहिजे. 'ईआर: पॉझिटिव्ह' एवढीच ओळ असेल तर तो रिपोर्ट परत करा. नीट लिहिलेली ओळ अशी असते: 'ईआर पॉझिटिव्ह, ९० टक्के पेशी, तीव्र, ऑलरेड ८ (५+३), क्लोन एसपी१, अंतर्गत कंट्रोल पॉझिटिव्ह.' क्लोन म्हणजे कोणती अँटिबॉडी वापरली ते. ऑलरेडमध्ये किती पेशी रंगल्या त्याला ० ते ५ आणि रंग किती गडद त्याला ० ते ३. बेरीज ३ किंवा वर गेली की पॉझिटिव्ह. टक्क्यांच्या भाषेत एक टक्का पेशी रंगल्या तरी ईआर पॉझिटिव्ह धरतात, पण १ ते १० टक्क्यांच्या रिपोर्टवर २०२० पासून 'ईआर लो पॉझिटिव्ह' असं वेगळं लिहायचं असतं. या गटातल्या बऱ्याच गाठी वागायला ट्रिपल निगेटिव्हच्या जवळ असतात, त्यामुळे ५ टक्के आणि ९५ टक्के यांना एकाच 'पॉझिटिव्ह' शब्दात गुंडाळणं ऑन्कॉलॉजिस्टला अडचणीत टाकतं.

अंतर्गत कंट्रोल म्हणजे त्याच स्लाइडवरच्या निरोगी नळ्या. त्यांच्यातल्या काही पेशींत ईआर नेहमी असतं. गाठ निगेटिव्ह आणि नळ्याही कोऱ्या असतील तर दोष स्टेनचा किंवा फिक्सेशनचा. तो निगेटिव्ह धरायचाच नाही. म्हणून वर म्हटलं, निरोगी नळ्या असलेला ब्लॉक द्या. दुसरी कसोटी गाठीच्या जातीची: ट्यूब्युलर, म्युसिनस, क्लासिक लोब्युलर किंवा ग्रेड १ ची गाठ ईआर निगेटिव्ह आली तर आधी संशय घ्यायचा, दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा करायचं. अशा गाठी जवळपास नेहमीच हार्मोनच्या असतात. भारतात ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतं, त्यात तरुण वयातल्या गाठींचा भाग खरा आहे, पण बिघडलेल्या बरण्यांचा वाटाही नाकारता येत नाही.

हर-टूचा निकाल ०, १+, २+, ३+ असा येतो. पाहायचा असतो तो फक्त पेशीच्या कडेचा रंग, आणि तोही फक्त इन्व्हेजिव (नळ्यांबाहेर घुसलेल्या) भागातला. नळ्यांच्या आतच अडकलेल्या डीसीआयएसमध्ये हर-टू बऱ्याचदा जोरदार असतं आणि घाईत तेच मोजलं जातं. दहा टक्क्यांहून जास्त पेशींभोवती पूर्ण आणि गडद कडं असेल तर ३+, पॉझिटिव्ह. ० आणि १+ निगेटिव्ह. २+ मात्र अर्धा रिपोर्ट आहे: त्याला फिश (जनुकाच्या प्रती चमकत्या ठिपक्यांनी मोजणारी चाचणी) लागतं. कित्येक कुटुंबं २+ म्हणजे 'थोडं पॉझिटिव्ह' समजून घरी बसतात, किंवा कुठे कुठे त्यावरच ट्रास्टुझुमॅबचा पहिला डोस सुरू होतो. दोन्ही चूक. फिशमध्ये किमान वीस पेशींतल्या हर-टूच्या प्रती आणि सतराव्या गुणसूत्राचे ठिपके मोजतात, गुणोत्तर २.० किंवा जास्त आणि सरासरी प्रती ४ किंवा जास्त असतील तर पॉझिटिव्ह. मधल्या विचित्र जोड्या आल्या तर आयएचसी पुन्हा पाहून ठरवावं लागतं, ते पॅथॉलॉजिस्टवर सोडा.

इथे सेवेतली एक सोय वापरण्यासारखी आहे. नमुना देतानाच फॉर्मवर 'हर-टू २+ आल्यास रिफ्लेक्स फिश करावे' असं लिहून घेतलं तर त्याच ब्लॉकवर लॅब पुढे जाते. नाहीतर रिपोर्ट येणार, डॉक्टर पाहणार, ब्लॉक परत मागवणार, पुन्हा पाठवणार, यात दोन आठवडे जातात. पैसे फिश झालं तरच द्यायचे, हे आधी ठरवून घ्या. काही सेंटरं फॉर्मवर लिहिलेलं घेतात पण सिस्टिमला टाकत नाहीत. बिलावर नोंद आली का पाहा.

०, १+ यातला फरकही आता उगाच राहिलेला नाही. २०२२ च्या डेस्टिनी-ब्रेस्ट ०४ चाचणीनंतर १+ आणि फिश निगेटिव्ह २+ यांना 'हर-टू लो' म्हणतात आणि पसरलेल्या आजारात ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान (ट्रास्टुझुमॅबला केमोचं औषध जोडलेलं) याचा विचार होतो. औषध अतिशय महाग आहे. तरीही ० लिहिलं की १+, हे वाचणाऱ्यानं दोनदा पाहिलेलं असावं, आणि 'हर-टू निगेटिव्ह' एवढंच न छापता आकडा छापावा.

केआय-६७ हा या पॅनलमधला सर्वात कच्चा दुवा. त्याला पाचपैकी अडीच. एकच ब्लॉक एका लॅबला १४ देतो, दुसरीला २५. कारण एकानं सगळीकडची सरासरी घेतली, दुसऱ्यानं सर्वात जास्त रंगलेला कोपरा धरला, तिसऱ्यानं न मोजता नजरेनं सांगितलं. ल्युमिनल ए आणि बी यांच्यातली रेघ २०११ मध्ये १४ टक्क्यांवर होती, नंतर २० च्या आसपास आली, म्हणजे नेमकी तिथे, जिथे मोजणारे सर्वात जास्त भांडतात. आंतरराष्ट्रीय केआय-६७ गटानं २०२१ मध्ये सरळ सांगितलं की ५ टक्के किंवा कमी आणि ३० टक्के किंवा जास्त, एवढ्यावरच केमोचा निर्णय टेकवता येतो. मधल्या आकड्यांवर नाही. तेव्हा '१९ आलं, ल्युमिनल ए, केमो टळली' असं समजून पेढे वाटू नका. पीआर किती, ग्रेड किती, बगलेतल्या गाठी किती, हे सगळं धरून ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील. रिपोर्टमध्ये 'किमान ५०० पेशी मोजल्या' अशी ओळ असेल तर लॅबला अर्धा गुण जास्त.

मधल्या आकड्यांत अडकलेल्यांना कलेक्शन सेंटरवाले जनुकीय चाचणी सुचवतात. ऑनकोटाइप डीएक्स २१ जनुकं वाचून ० ते १०० गुण देते; तुकडा अमेरिकेला जातो, खर्च लाखांत. टेलरएक्स चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले: बगल स्वच्छ, हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह अशा बायकांमध्ये ११ ते २५ गुणांत केमोनं वेगळा फायदा झाला नाही, पन्नाशीच्या आतल्यांना १६ पासून वर थोडा झाला. बंगळुरूची कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही पाच प्रथिनांवर आयएचसी करून, गाठीचा आकार, ग्रेड आणि बगलेची स्थिती जोडून धोका सांगते, १५.५ च्या वर गेला की जास्त धोका. ती ऑनकोटाइपहून बरीच स्वस्त. या दोन्ही चाचण्या ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, लवकरच्या आजारासाठीच आहेत. ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-टू पॉझिटिव्ह रुग्णाला कुणी त्या खपवत असेल तर नको म्हणा.

पॅनल कधी करायचं, यातही घोळ होतो. गाठ मोठी म्हणून आधी केमो ठरली असेल तर पॅनल सुईच्या बायोप्सीवर, केमोच्या आधी झालंच पाहिजे. केमोनं गाठ पूर्ण विरली तर नंतर स्टेन करायला काही उरत नाही. त्यासाठी १४ गेजच्या सुईनं तीन-चार तरी कोअर (बारीक दांडीसारखे तुकडे) घ्यावेत, आणि गाठीत खुणेची क्लिप टाकून ठेवावी म्हणजे नंतर सर्जनला जागा सापडते. बारीक सुईनं नुसत्या पेशी ओढून घेणारी एफएनएसी पुरत नाही. कर्करोग आहे हे कळेल, पण तो इन्व्हेजिव आहे का आणि हर-टू किती, हे त्यावर भरवशानं सांगता येत नाही. तालुक्याला अजून एफएनएसीवरच ऑपरेशन उरकतात, ते बंद व्हायला हवं. आजार परत आला किंवा हाडात, यकृतात गेला तर तिथला तुकडा घेऊन पुन्हा पॅनल करतात, कारण ईआर-हर-टू बदललेलं असू शकतं. हाडाचा तुकडा मऊ करायला आम्ल वापरलं की हर-टू-ईआर आणि फिश तिघांचाही बोजवारा. आम्लाऐवजी ईडीटीए या सौम्य द्रावणानंच करा असं चिठ्ठीवर लिहावं.

लॅब निवडताना 'एनएबीएल' हा लॅबच्या मान्यतेचा शिक्का पाहून थांबू नका. प्रमाणपत्राच्या क्रमांकावरून एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या लॅबचा स्कोप (मान्यता मिळालेल्या चाचण्यांची यादी) उघडा आणि आयएचसी त्यात आहे का बघा. काही ठिकाणी रक्त-लघवीचा स्कोप असतो आणि शिक्का सगळ्या रिपोर्टवर. बाहेरच्या दर्जा-तपासणीत, म्हणजे सीएपी किंवा यूके नेक्वास सारख्या योजनेत, ब्रेस्ट मार्करसाठी भाग घेता का हे फोनवर विचारलं तर चांगली लॅब लगेच सांगते. टाळाटाळ झाली तर समजून घ्या. महात्मा फुले योजनेतून उपचार होणार असतील तर पॅनलचे पैसे पॅकेजमध्ये आहेत की आपल्याला भरायचे, हे नमुना देण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून ठेवा. पावती नावासकट, वयासकट योजनेच्या कार्डाशी जुळली पाहिजे, 'सौ.' आणि सासर-माहेरच्या आडनावांवरून फायली अडतात.

शेवटचं काम ब्लॉक परत घेण्याचं, आणि हेच बहुतेक जण विसरतात. परळच्या टाटा मेमोरियलला किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात पुढे जायचं झालं तर तिथले पॅथॉलॉजिस्ट बाहेरच्या कागदावर विसंबत नाहीत, ब्लॉक आणि स्लाइड मागतात. लॅबकडे लेखी अर्ज केला की ब्लॉक मिळतो. सेंटरवरून तोंडी मागितला तर 'स्टोअरला गेलाय' हे उत्तर ठरलेलं. ब्लॉक परत घेताना त्यावरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा, झिपच्या पिशवीत घालून थंड, कोरड्या कपाटात ठेवा. दुसऱ्या लॅबकडून तपासून घ्यायचं असेल तर ब्लॉकबरोबर पहिल्या लॅबनं केलेल्या ईआर, पीआर, हर-टूच्या स्टेन झालेल्या स्लाइडही मागून घ्या. त्या नसतील तर दोन रिपोर्टमधला फरक तुकड्यामुळे पडला की वाचणाऱ्यामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही.